कंट्रोलचं रक्त

अकरा वर्षं दर सोमवारी मी डावा हात पुढे करते आणि काका सुई टोचतात. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच तंत्रज्ञ. लहानपणी शिरलेला एक विषाणू माझ्या अंगात निमूट पडून आहे. तसा तो बहुतेकांच्या अंगात असतो, पण त्याला डोकं वर काढू न देणाऱ्या पेशी माझ्या रक्तात भरमसाट. प्लेटमध्ये रक्तावर त्या विषाणूचा अंश टाकला, की त्याला ओळखणाऱ्या प्रत्येक पेशीमागे एक निळा ठिपका उमटतो. माझे तीनशे तरी येतात. म्हणून त्याच प्लेटमधल्या रुग्णांची तपासणी नीट झाली की नाही, हे माझ्या रक्तावरून ठरतं. नळीवर माझं नाव नसतं, ‘कंट्रोल’ एवढंच असतं.

त्या आठवड्यात माझे ठिपके अकरा आले.

“ताई, तुमचं सैन्य संपावर गेलं वाटतं,” काका हसले.

साहेब हसले नाहीत. प्लेट बाद झाली. पुढच्या सोमवारी रसायनं नवी, प्लेट नवी, ठिपके नऊ. मग इन्क्युबेटर तपासायला माणूस आला. तिसऱ्या खेपेला सहा. तिन्ही वेळा वहीत ‘प्लेट सदोष’ असं मीच लिहिलं. रोज संध्याकाळी कणकण यायची, कपडे ढगळ झाले होते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कुशीवर वळवताना मलाच धाप लागायची. जिला मरायलाही फुरसत नाही, तिने तापाकडे काय बघायचं?

चौथी प्लेट मोजताना काका शेजारी येऊन उभे राहिले.

“बाकीच्यांचे ठिपके बघा की.”

बाकीच्यांचे नीट होते. पहिल्या प्लेटपासून नीटच होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तोही चार आठवडे.

“प्लेटला काही झालेलं नाही,” काका हळूच म्हणाले. “तुम्हाला कधीपासून बरं नाही?”

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मला रडू आलं आणि रडण्याचाही कंटाळा आला.

साहेबांनी आकडे पाहिले. “दुसरा कंट्रोल शोधावा लागेल,” म्हणाले आणि फोन घ्यायला गेले.

काकांनी मला समोरच्या इस्पितळात नेलं. खिडकीवर रक्ततपासणीचा अर्ज मिळाला. तो भरून मी काकांकडे दिला. त्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि खिडकीवरून कोरा अर्ज आणला.

नावाच्या रकान्यात मी ‘कंट्रोल’ लिहिलं होतं.

“तुमचं लिहा, ताई,” ते म्हणाले.