वास परत आणला

आमच्या घरात एक कायदा आहे. ताई आणि मी कारखान्यातून आलो की आधी न्हाणीघर, मग घर. बाबा दारात नाक धरूनच उभे असतात. आम्ही लाकडाच्या ढलप्या तापवून वायू काढतो आणि त्या वायूचं इंधन करतो. ढलप्या तापल्या की त्यांतला गंधकही वायू होऊन सुटतो आणि सडक्या अंड्यांसारखी घाण मारतो. आमच्या वेण्यांतसुद्धा मुरतो मेला!

भट्टी माझ्याकडे, प्रयोगशाळा ताईकडे. वायूचं इंधन करणाऱ्या उत्प्रेरकाच्या गोळ्या म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि गंधक त्या गोळ्यांचं विष. म्हणून मध्ये गंधक अडवणारी जस्ताच्या भुकटीची गाळणी बसवलेली.

मध्यंतरी ढलप्या कडकडीत वाळवणारं नवं यंत्र आलं आणि वास जवळजवळ गेलाच. सगळ्यांना वाटलं, जिंकलो! बाबांनी आम्हाला दारातच जवळ घेतलं. पुढच्याच आठवड्यात गोळ्या मेल्या. कोरड्या वायूत गंधकाने रूप पालटलं होतं. हे नवं रूप बिनवासाचं, गाळणीला हुलकावणी देऊन थेट आत शिरणारं. ताई प्रयोगशाळेत ओक्साबोक्शी रडली. तिची उमेदीची सगळी वर्षं या कामात गेलेली.

मालकांनी शेवटच्या गोळ्या मागवल्या. "या गेल्या की कारखान्याला कुलूप," ते म्हणाले.

ताईने डोळे पुसले. "गाळणीआधी वायूला वाफ देऊ या. तो पुन्हा जुन्या रूपात येईल."

"म्हणजे ती घाण मुद्दाम परत आणायची?"

"हो. जो घाण मारतो, तोच गाळणीत अडकतो."

"धन्य आहेस बाई!" म्हणत मी वाफेचा नळ उघडला. गाळणीआधीच्या नळीतून नमुना काढताना तोच तो वास नाकात गेला. एरवी शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी म्हटलं, ये बाबा, ये.

नंतर माझा जीव टांगणीला. मागच्या गोळ्यांनी जेवढे दिवस काढले तेवढे उलटले, तरी बाटलीत इंधनाचे थेंब पडतच होते. ताई बाटलीकडे पाहून हसत होती, मी रडत होते. आमचं नेहमीच उलटं.

संध्याकाळी बाबांनी दार उघडलं आणि सवयीने नाक धरलं. मग ताईचा चेहरा पाहिला.

"टिकल्या का गं गोळ्या?"

"टिकल्या, बाबा!"

त्यांनी नाकावरचा हात काढला आणि आम्हा दोघींना घट्ट कवटाळलं.

"बाबा, न्हाणीघर," मी आठवण करून दिली.

"राहू दे गं," ते म्हणाले. सोडलं मात्र नाही.