हरणी घरचं खाते

इंझोरीच्या फाट्यावर भागिरथा एस.टी.तून उतरली तेव्हा तिला न्यायला जीप आलेली होती. पण जीपला पुढून बैल जुंपलेले होते. बापूराव काका स्टेअरिंगशी बसला होता. एका हातात चाक, दुसऱ्या हातात कासरा, आणि चेहरा असा की जगातल्या सगळ्याच जीपा अशाच चालतात.

"बस," काका म्हणाला. "काही बोलू नको."

"म्या कुठं काय बोलली?"

"तोंडानं नाही, डोयानं बोलून राह्यली तू. बस."

भागिरथा पिशवी मांडीवर घेऊन बसली. बैल आपल्या चालीनं चालू लागले आणि जीप त्यांच्यामागून निमूट निघाली. वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबून पाहायचा. एकाने तर विचारलंच, "बापूराव, ॲव्हरेज काय देते?"

"पेंडीवर आहे," काका म्हणाला. "तुह्या घरी असंल तं दे."

हसू दाबता दाबता भागिरथाच्या डोळ्यांत पाणी आलं. फाल्गुनात बाबा गेले, त्यानंतर ती अकोल्याहून मास्तरकीतून रजा काढून दोनदा येऊन गेली होती, पण हसायची वेळ आज पहिल्यांदा आली होती. आली तीही या जीपमुळे. यात नवल काहीच नव्हतं.

जीपचं नाव हरणी. लष्कराने मोडीत काढलेली ही गाडी शेषरावांनी, म्हणजे भागिरथाच्या बाबांनी, मळ्यात आणली तेव्हा भागिरथा परकर नेसत होती. हरणीला दारं मुळातच नव्हती, त्यामुळे दारांची कधी तक्रार आली नाही. बाकी सगळ्याची आली. तरी वांगी, गवार, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन ती मंगरूळपीरच्या बाजाराला जात राहिली. शेषराव तिच्याशी बोलत. भागिरथाची माय जिजाबाई मात्र तिला सवत म्हणायची आणि बाजारहाटीला जायचं झालं तर मुद्दाम एस.टी.ने जायची.

"काका, झालं काय हिले?"

"काय नाही झालं ते विचार. बॅटरी उतरते. मंगरूळले जाऊन मदनसिंग मिस्त्रीकडून भरून आणली की एक खेप होते, दुसऱ्या खेपेले पुन्हा मेली. त्यात पाणी उकळते. परवा ओढ्याजवळ अशी वाफ सोडली का मागच्या छकड्याचा बैल उधळला. सांभार तं बुडाशी शिजूनच गेला." काकाने कासरा झटकला. "हे पाह्य भागू, म्या मदनसिंगाले शब्द देला. रविवारी तो जोडी घेऊन येते. जोडी आपल्याले, जीप त्याले."

"बैलाच्या बदली हरणी?"

"बैलाले बॅटरी लागत नाही."

"अन् माय काय म्हणते?"

"वयनीच तं म्हणाल्या, देऊन टाका म्हणून."

भागिरथा पुढच्या बैलांकडे पाहत राहिली. घरची जोडी औताला आणि मोटेलाच पुरत नव्हती. माल वाहायला काहीतरी हवंच होतं. काकाचं चुकत नव्हतं. पण मळ्यात बाबांचा आवाज कुठे उरला असेल तर तो या पत्र्यात होता, आणि ते काकाला सांगून पटण्यासारखं नव्हतं. सांगता येण्यासारखंही नव्हतं.

संध्याकाळी चुलीपाशी तिने मायला विचारलं. जिजाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"चालवणारा गेला," ती म्हणाली. "आता ते धूड ठेवून काय करतं?"

"काका चालवते की."

"तो चालवत नाही, बैल चालवतेत." आणि तिने भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

भागिरथाने विषय सोडला. सकाळी उठून ती गोठ्याशेजारच्या मांडवात गेली आणि हरणीसमोर हात मागे बांधून उभी राहिली. बाबा तसेच उभे राहत. गाडी बंद पडली की ते आधी हात लावत नसत. नाडी बघण्याआधी वैद्य विचारतो तसं विचारत, "कवापासून?" गाडीला विचारत, गाडीत बसलेल्यांना विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत पान्याला शिवत नसत.

एकदा हरणी चढावर धापा टाकायला लागली. कवापासून? पेट्रोलचा डबा बदलल्यापासून. डब्याच्या तळचा गंज नळीत जाऊन बसला होता. एकदा दिवे मिचमिचायला लागले. कवापासून? बापूराव काकाने रंग दिल्यापासून. बॅटरीची एक तार गाडीच्या लोखंडाला बसवलेली असते. काकाने हौसेने तिच्या खालीही हिरवा रंग फासला होता. रंग खरवडला आणि दिवे लख्ख लागले. काका त्यानंतर बरेच दिवस म्हणत होता, "रंग तं झकास बसला होता पण."

काका मोटेकडे निघाला होता. भागिरथाने त्याला थांबवलं.

"काका, हे कवापासून आहे?"

काका थबकला. तो प्रश्न त्याने किती दिवसांनी ऐकला होता. मग डोकं खाजवून म्हणाला, "पोळा झाला अन् त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. आधी चांगली पळत होती."

"पोळ्याले काय केलं होतं?"

"काही नाही. यंदा आपला सण कुठं होता? बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावली तेवढीच. ना पुरण, ना झुली. जीपकडं तं कोणी फिरकलंही नाही."

कोणी फिरकलं नाही म्हणताना त्याचाही आवाज जरा उतरला. कारण दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी व्हायची, बैलांच्या खांद्यांना तूप आणि हळद चोळून उद्या जेवायला या म्हणून आवतण दिलं जायचं. आणि ते झालं की शेषराव घरातून तूप-हळदीची वेगळी वाटी घेऊन मांडवात जायचे. हरणीही कामाचं जनावर आहे, तिला वगळून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. जिजाबाई तोंड मुरडून वाटी भरून द्यायची. थोड्या वेळाने वाटी रिकामी होऊन परत यायची.

रविवारी मदनसिंग आला तो छकड्यात बसून. गॅरेजवाला मिस्त्री बैलगाडी हाकत येताना पाहून काकाच्या जिवाला मोठा आधार वाटला.

"हसा, हसा," मदनसिंग उतरत म्हणाला. "जाताना मी जीपमधून जातो, तुमी बसा शेपट्या पिळत." त्याने छकड्यातून भरलेली बॅटरी काढली. हरणीला मंगरूळपर्यंत न्यायला ती लागणारच होती.

"मदनसिंग दादा," भागिरथा म्हणाली, "न्यायच्या आधी मले एकदा पाहू द्या. चालली तं मंगरूळले जाऊन येऊ. ढकलल्याशिवाय परत आली तं ती इथंच राहीन."

मदनसिंगाने काकाकडे पाहिलं. काकाने जोडीकडे पाहिलं. जोडी खरंच देखणी होती.

"जाऊन येऊ दे तिले," काका शेवटी म्हणाला. "नाहीतर जन्मभर हे डोये मले पाहत राहतीन."

"मास्तरीणबाई, मी सगळं खोलून बसलो आहे," मदनसिंग म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "डायनॅमो पाह्यला, आतले कार्बनचे कोळसे ठीक. रेडिएटर धुतला, गाळ नाही. दोन अलग अलग बिमाऱ्या आहेत. म्हातारपण आहे, दुसरं काय."

बॅटरी बसवली आणि हरणी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ओळखीचा खडखडाट मांडवभर घुमला. ओट्यावर जिजाबाई शेंगा सोलत बसली होती, तिचा हात थांबला. भागिरथाने समोरच्या गोल तबकडीकडे पाहिलं. तिच्यातला काटा बॅटरीत वीज येते की जाते ते दाखवायचा. लहानपणी बाबांनी तिला तो मांडीवर बसवून शिकवला होता. काटा उजवीकडे झुकला की हरणी कमावते, डावीकडे झुकला की घरचं खाते.

स्टेअरिंगशी बसलेल्या काकाने ॲक्सिलरेटरवर जोर दिला. काटा डावीकडेच. अजून जोर दिला. तरी डावीकडेच, आणि थोड्या वेळाने पाणी किती तापलं ते दाखवणारा काटाही चढायला लागला.

"घरचं खाऊन राह्यली," भागिरथा म्हणाली. "बंद करा, काका."

ती बॉनेटमध्ये वाकली. दोन बिमाऱ्या एकाच दिवशी कशा लागतात? डायनॅमो फिरला तर वीज. पंखा आणि पाण्याचा पंप फिरला तर गारवा. आणि तिघांना फिरवतो कोण? एकच पट्टा.

"दादा, हा पट्टा?"

"दाबून पाह्यला मी. टाइट आहे."

टाइट होता खरा. भागिरथाने त्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोट असं सरकलं जसं साबणावरून. तिने हात उजेडात धरला. काळ्या मेणचटपणात पिवळं काहीतरी होतं.

"पंपाचं ग्रीस आहे ते," मदनसिंग म्हणाला. "मले बी दिसलं होतं."

भागिरथाने बोट नाकाशी नेलं. आणि तशीच उभी राहिली. मग तिने बोट मदनसिंगापुढे धरलं. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "ग्रीस नाही. गाईचं तूप आहे. अस्सल आहे."

काकाने वास घेतला. तिघांनीही मग एकदमच ओट्याकडे पाहिलं. जिजाबाई शेंगा सोलत होती. शेंगा केव्हाच संपल्या होत्या, ती टरफलं सोलत होती.

"माय," भागिरथा हळूच म्हणाली, "खांदमळणी तू केली हिची?"



"मंग कोण करतं?" जिजाबाई म्हणाली. "बैलाचं झालं. ती तिकडे अंधारात एकटी उभी. तो नाही म्हणून काय तिले आवतणही नाही? यंदा सण नाही आपला, तिचा काहून नाही?" ती टरफलांशीच बोलत होती. "मले काय माहीत तिचा खांदा कोणता ते. झाकण उघडलं, गळ्यात पट्टा दिसला. बैलाच्या गळ्यात असते तसा. म्हटलं, इथंच घासत असंल बिचारीले. चांगलं चोळून चोळून लावलं. चाकालेही लावलं, ज्याच्यावर तो पट्टा आहे."

मदनसिंगाने फेट्याचा शेव तोंडावर धरला. त्याचे खांदे गदगदत होते.

"वयनी," काका म्हणाला, "देऊन टाका म्हणत होत्या ना तुमी?"

"म्हणत होती. डोयापुढून जाईन तं बरं, असं वाटे." तिने नाक ओढलं. "आता हसू नका. सांगा काय करायचं ते."

भागिरथाने डायनॅमोचा बोल्ट ढिला केला आणि पट्टा उतरवून मायच्या हातात दिला. जिजाबाईने तो उलटापालटा करून पाहिला, आणि मग तिच्या अंगात एकदम जोर आला. तूप कसं काढायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. चुलीतली राख आली, रिठ्याचं पाणी आलं, नारळाची शेंडी आली. तुपाचं पातेलं घासावं तसा तिने तो पट्टा घासला, खळबळून धुतला, पुन्हा घासला. इकडे मदनसिंग पेट्रोलच्या चिंधीने चाकांच्या खोबणी पुसत होता आणि मधूनमधून चिंधी हुंगून काकाला दाखवत होता. "बापूराव, इतकं तूप तं माह्या लग्नातही नव्हतं."

पट्टा उन्हात वाळवून चढवला, डायनॅमो पहारीने ताणून बोल्ट आवळला. काकाने बटण दाबलं. हरणी सुरू झाली. काकाने हळूहळू जोर दिला आणि तिघंही तबकडीवर वाकले. काटा थरथरला, मधे आला, आणि मग सावकाश, जणू मानाने, उजवीकडे झुकला.

"कमावते," भागिरथा म्हणाली.

आता मंगरूळ. वांग्यांची पोती मागे चढली. पोत्यांवर मदनसिंग बसला. म्हणाला, ढकलायला एक माणूस मागं असलेला बरा. भागिरथा मागेच टेकली, कारण पुढच्या जागेवर, काकाच्या शेजारी, नवं लुगडं नेसून जिजाबाई येऊन बसली होती. बसली आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरला.

"सवतीच्या मांडीवर बसल्या वयनी," काका म्हणाला.

"तू समोर पाह्य."

ओढा आला. ओढा गेला. चढ आला. पाण्याचा काटा जरा हलला आणि जागेवर बसला. मंगरूळात दर्ग्याजवळच्या गर्दीतून काकाने उगाचच दोनदा भोंगा वाजवला. भोंगा वाजतो हे त्यालाही तेव्हाच कळलं. माल उतरला, चहा झाला, आणि परतीच्या वाटेवर जिजाबाईने दांडा सोडून हात मांडीवर ठेवले. वारा तिच्या पदराशी झोंबत होता आणि ती त्याला आवरत नव्हती.

मळ्यात पोचल्यावर मदनसिंग खाली उतरला आणि हात झाडत म्हणाला, "ढकलायचं काही जमलं नाही बुवा." आपली जोडी आपणच जुंपायला तो वळला, तर जिजाबाईने जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून बजावलं.

मग ती हरणीजवळ आली. बॉनेटवर हात ठेवला, तापलेलं होतं म्हणून काढला, पुन्हा ठेवला.

"भाऊजी, एक सांगा," ती म्हणाली. "ते कुठं लावत होते तूप? पुढच्या वर्षी चूक नको."

काका एकदम बोल्ट तपासायला लागला.

"भाऊजी?"

"इथं," काकाने बॉनेटच्या टोकाला एक बोट टेकवलं. "हळदीचा टिळा. एवढाच."

"अन् वाटीभर तूप?"

काकाने भागिरथाकडे पाहिलं, मदनसिंगाकडे पाहिलं. कुणीच मदतीला येईना.

"टिळा लावायपुरतं बाजूले काढायचा शेषराव दादा," तो म्हणाला. "बाकीचं आमी दोघं गाडीत बसून भाकरीसंग खायचो. गूळही असे."

जिजाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "दरसाल?"

"दरसाल. शपथ घातली होती मले त्यानं."

 आधी तिचा पदर हलला, मग खांदे, आणि मग ती हरणीच्या मडगार्डावर टेकून अशी हसायला लागली की मदनसिंगाचे बैल कान टवकारून पाहू लागले. हसता हसता तिने डोळे पुसले, पुन्हा हसली, आणि भागिरथाला म्हणाली, "जाय, फडताळातून तूप आण. गूळही आण. मदनसिंग भाऊले वाढू. अन् पुढच्या पोळ्याले वाटी मी घेऊन येईन. तुह्या काकाच्या हाती देत नाही."