माझ्या छातीवरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. रंगाने राखाडी, अंगाने जाड, बटणांचा. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात संगणक विभाग आहे, तिथल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. आधीच सांगून टाकतो, मला थोडं वाढवून सांगायची खोड आहे. एकदा पलीकडच्या माणसाला इतकी जबर शिंक आली की ती तारेतून इकडे पोहोचली आणि खोलीतले सगळे कागद छताला जाऊन चिकटले. एक कागद अजून तिथेच आहे. पण आज सांगतो ती गोष्ट तसली नाही. तिच्यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, आणि थापाड्या स्वतःच्या फजितीची थाप कधी मारत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक नव्या फोनमध्ये "एक, दोन, तीन, येतंय का ऐकू?" असं म्हणायची. दिवसातून चारशे वेळा. चारशेव्या वेळेलाही तिचा आवाज पहिल्यासारखाच गोड असायचा. माणसाचा आवाज म्हणजे माणूसच, असं मी त्या दिवशी मनाशी धरलं. ते किती चूक होतं ते कळायला मला पुढची तीस वर्षं लागली.

मला या टेबलावर आणलं नानांनी. नाना म्हणजे या विभागातले पहिले संगणकवाले. कानावर पेन्सिल, पायात रबरी चपला, आणि तात्पुरतं असं काहीच करायचं नाही हा हट्ट. माझ्या छातीवर, बटणांच्या वर, चिठ्ठी लावायची एक अरुंद खाच आहे. त्या खाचेत नानांनी बॉलपेनने रुग्णालयातल्या मोठ्या माणसांचे नंबर लिहिले; पुढे कुणाचा नंबर बदलला की नवाही तेच त्यावर लिहीत. साताच्या पोटात आडवी रेघ मारायची त्यांची सवय होती. वर चिठ्ठीला इतका डिंक लावला की ती माझ्या कातडीचाच भाग झाली.

मग नानांनी सगळ्यांना एक नियम घालून दिला. "फोनवर कुणीही पासवर्ड मागू दे. अगदी माझा बाप स्वर्गातून बोलला तरी. हो म्हणायचं, नाव विचारायचं आणि फोन ठेवायचा. मग या चिठ्ठीवरचा नंबर बघून आपण उलटा फोन करायचा. आवाज कुणालाही काढता येतो."

या रिवाजाला विभागात सगळे 'उलटा फोन' म्हणू लागले. तीस वर्षं तो माझ्याच हातून झाला. हळूहळू लोकांच्या खिशात चपटे, चकचकीत फोन आले. माझ्या बरोबरीचे एकेक करून खोक्यात गेले. माझ्यावर धूळ बसली, माझी पिळाची दोरी सैल पडून टेबलावरून लोंबू लागली. उलट्या फोनपुरता मी उरलो. निवृत्त माणसाला फक्त सहीपुरतं बोलावतात ना, तसा.

नाना निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत ताई आली. रुग्णालयाच्या संगणकांची सुरक्षा हे तिचं काम. लोक तिला मागून कुलूपताई म्हणत, आणि पलीकडच्या टेबलावरचा तिचा सहकारी तोंडावरच म्हणे. त्याला सगळं कालच हवं असायचं, म्हणून त्याचं नाव घाईबुवा पडलं होतं.

"कुलूपताई, डबा उघडतानासुद्धा इकडेतिकडे बघतेस तू," तो म्हणायचा.

"तुझ्या शेजारी बसून डबा उघडायचा म्हणजे बघावंच लागतं," ती म्हणायची.

घरी ताई एकटीच कमावती. आई अंथरुणाला खिळलेली. ही नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत चूल कशी पेटवायची, हा हिशेब ती कधी बोलून दाखवत नसे. पण आईशी बोलताना ती मलाच उचलायची, त्यामुळे मला सगळं ठाऊक होतं.

आणि वर होते थोरले डॉक्टर, रुग्णालयाचे प्रमुख. त्यांच्या पासवर्डने सगळ्या रोग्यांच्या नोंदी उघडत. कुणाला कोणतं औषध, किती, किती वाजता, हे सगळं त्यात. तो पासवर्ड वाकड्या हातात पडला असता तर नोंदी एका क्षणात बंद झाल्या असत्या, आणि चार मजल्यांवरच्या परिचारिका हातात औषध घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या असत्या.

दोन महिन्यांपूर्वी थोरल्या डॉक्टरांनी खरंच फोनवर नवा पासवर्ड मागितला, आणि ताईने त्यांनाही उलटा फोन केला. अर्ध्या तासात ते स्वतः जिना उतरून खाली आले.

"पंचवीस वर्षं आहे मी इथे. माझा आवाज तुला ओळखू येत नाही?"

"आवाज ओळखू येतो, सर. बोलणारा कोण ते दिसत नाही."

"पुन्हा माझा असा अपमान झाला, तर या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल. समजलं?"

ताई "हो सर" म्हणाली. ते गेल्यावर तिने मला उचललं, कुणालाही फोन केला नाही, आणि तसाच कानाशी धरून बसली. आत नुसता गूं असा आवाज येत होता. तोच मी तिला ऐकवला. मला दुसरं काय येतं?

आता माझ्या फजितीकडे येतो.

एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, हातात हत्यारांची पेटी घेऊन एक माणूस आला. छातीवर पाहुण्यांचा बिल्ला, ओठांवर हसू. ताई डबा खात होती.

"फोनवाला मी. सगळे जुने फोन साफ करून देतोय. तुमचं चालू द्या."

त्याने मला उचललं, मऊ फडक्याने पुसलं, दोरीचा पीळ सोडवला. मग हळूच म्हणाला, "काय माल आहे हो हा. असले फोन आता कुणी बनवत नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी फुगलो. इतका फुगलो की माझी बटणं बाहेर येतात की काय असं वाटलं. त्या फुगलेल्या छातीवर त्याने एक नवी, छापील चिठ्ठी चिकटवली. "जुनी पार पुसट झालीय हो, म्हणून नवी लावली," असं म्हणाला आणि निघूनही गेला. ताईने मान हलवून आभार मानले. तारेतून येणाऱ्या प्रत्येकाला ती दहा प्रश्न विचारायची. दारातून आलेल्याला तिने एकही विचारला नाही, कारण तो काही मागत नव्हता, उलट देऊन जात होता.

शुक्रवारी पावणेचारला मी वाजलो.

"थोरला डॉक्टर बोलतोय," पलीकडून आवाज आला. खर्जातला, थोडा घोगरा. तोच. "मी ऑपरेशनमध्ये आहे. पेशंट टेबलावर आहे आणि माझा पासवर्ड चालत नाहीये. नवा दे, पटकन."

माझ्या पाठीला तिच्या तळव्याचा घाम लागला. "सर, मी..."

"उलटा फोन करायचाय ना? कर की. नियम म्हणजे नियम. मी थांबतो."

ताईने फोन ठेवला. घाईबुवा खुर्चीतून उठून आला होता. "कुणाचा होता?"

"थोरल्या डॉक्टरांचा. पेशंट टेबलावर आहे म्हणतात."

"मग बघत काय बसलीस? दे ना लवकर."

ताईने माझ्या छातीवरची चिठ्ठी वाचली आणि एकेक बटण दाबलं. शेवटच्या दोन बटणांवर तिचं बोट पडलं आणि मी आतून ओरडलो. थोरल्या डॉक्टरांच्या नंबरासाठी त्या बटणांवर कधीच, कुणाचंच बोट पडलं नव्हतं. इतक्या वर्षांत नानांचं नाही, तिचंही नाही. पण मित्रांनो, फोनचं दुर्दैव असं की जगाचं बोलणं त्याच्या पोटातून जातं आणि त्याचं स्वतःचं पोटातच राहतं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"बोल गं बेटा."

ताईच्या संगणकावर नवा पासवर्ड तयार होता. ती तो वाचणार होती. तिचे ओठ पहिल्या अक्षरासाठी उघडलेले मी पाहिले.

"तू नियम पाळतेस ना, ते मला फार आवडतं," आवाज म्हणाला.

ताईचे ओठ मिटले.

थोरल्या डॉक्टरांचा फोन ऑपरेशनच्या आणि राऊंडच्या वेळी नेहमी मोठ्या सिस्टरच्या खिशात असायचा. सात-आठ घंट्या झाल्याशिवाय ती उचलत नसे, आणि उचलला की आधी तीच खेकसायची. ऑपरेशन चालू असलं की मागे भांड्यांची खणखण असायची. इथे मागे काहीच नव्हतं. धुऊन पुसून ठेवलेल्या थाळीसारखी स्वच्छ शांतता. पण ते मला ऐकू येत होतं. ताईला खटकलं ते वेगळंच. थोरले डॉक्टर तिच्यावर रागावले नव्हते.

"सर, एक मिनिट."

"एका मिनिटात माणूस जातो, बेटा."

तिच्या अंगठ्याचं नख नकळत माझ्या छातीवर, चिठ्ठीच्या कोपऱ्याशी खेळत होतं. तो कोपरा सुटला होता. मी म्हणतो, मला भीतीने घाम फुटला आणि त्या घामाने तो सुटला. घाईबुवा म्हणतो, गोंद हलका होता. तुम्हाला पटेल ते घ्या.

"बोलतेस का गप्प बसतेस?" आवाज आता घाईत होता. "याच्या बायकोला काय सांगू, तुझ्यामुळे गेला म्हणून?"

नख कोपऱ्याखाली शिरलं. चिठ्ठी थोडी वर आली. खाली पुसट निळ्या शाईत एक सात दिसला, पोटात आडवी रेघ असलेला. वरच्या छापील नंबरात त्या जागी सात नव्हताच.

ताईने फोन ठेवून दिला.

"थोरल्या डॉक्टरांचा फोन ठेवलास तू?" घाईबुवा ओरडला. "अगं, खरंच कुणी टेबलावर असेल तर?"

"तेच बघते," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. खरंच कुणी टेबलावर असतं तर एक माणूस जाणार होता, आणि त्याच्या पाठोपाठ तिची नोकरी. तिने चिठ्ठी पूर्ण ओढून काढली आणि नानांच्या अक्षरातला नंबर लावला.

एक घंटी. दोन. तीन. घाईबुवा नखं खात होता. चार. पाच. ताईने डोळे मिटले होते. सहा. सात. आठवीला खटका झाला.

"काय आहे?" मोठी सिस्टर खेकसली.

"सिस्टर, संगणक विभागातून बोलतेय. सर ऑपरेशनमध्ये आहेत?"

"कसलं ऑपरेशन? ते वॉर्डात राऊंड घेतायत. मध्ये मध्ये फोन करायचा नाही, किती वेळा सांगायचं?" आणि मग दूर कुठेतरी, "सर, ती कुलूपताई आहे."

थोरले डॉक्टर आले. दीड मिनिट ते बोलत होते. "मी काय तुझा नोकर आहे का? पुन्हा उलटा फोन? सांगितलं होतं ना मी? उद्यापासून यायचं नाही." बोलता बोलता थांबून घसा खाकरला आणि पुन्हा सुरू झाले. ताई तो प्रत्येक शब्द कानात साठवून घेत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडत होतं. कुणी रागावलं म्हणून एवढं हायसं वाटलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

"सर," ते थांबल्यावर ती म्हणाली, "आत्ता तुमच्या आवाजात एकाने तुमचा पासवर्ड मागितला."

पलीकडे मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं.

"दिलास?"

"नाही."

"माझ्या आवाजात?"

"अगदी तुमच्या. फक्त तो गोड बोलत होता."

थोरले डॉक्टर म्हणाले, "फोन ठेव."

"सर?"

"ठेव म्हणतो ना. तू तरी तूच आहेस कशावरून? माझ्याकडे विभागाचा नंबर लिहिलेला आहे. मी उलटा फोन करतो."

ताईने मला जागेवर ठेवलं. आणि मी वाजलो. मित्रांनो, तीस वर्षांत मी लाखो वेळा वाजलो असेन, पण तसा कधी नाही. वरच्या चारही मजल्यांच्या काचा हलल्या. हे वाढवून सांगतोय, कबूल आहे. पण थोडंच.

तो हसरा फोनवाला पुन्हा कुणाला दिसला नाही. ताईने आता दाराशीही एक वही ठेवली आहे. काही मागायला आलेला असो वा द्यायला आलेला, दोघांनाही तिथे थांबावं लागतं. नानांची चिठ्ठी पुन्हा उघडी आहे, आणि ताई दर सोमवारी ती बोट ठेवून वाचते.

मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्यांना कधीमधी पुसत जा, म्हणजे दोन गोड शब्दांसाठी आम्ही कुणाही परक्यापुढे छाती काढणार नाही. आणि कुणी तुमची खात्री करून घेतली तर रागावू नका. ज्याला तुमची काळजी असते, तोच दुसऱ्यांदा विचारतो.

राहता राहिला छताला चिकटलेला तो कागद. माझ्या शब्दावर जाऊ नका. मान वर करा आणि स्वतः बघा.