बकरीचं तेजोवलय

दिवेलागणीला अल्लीपुरात शिरलं की महाराजांचा पत्ता विचारावा लागत नव्हता. सगळं गाव एकाच दिशेने निघालेलं असायचं, तेही नटूनथटून. बायका पदराला पिना लावत चालल्या होत्या, म्हातारे टोप्या सरळ करत होते, आणि कवडू आपली बकरी दोरीने ओढत नेत होता, कारण घरी तिच्यावर लक्ष ठेवायला कोणी उरलंच नव्हतं. देवाच्या भेटीला जाताना लोक अंघोळ करतात. इथे फोटो निघणार होता, म्हणून पावडरसुद्धा.

गावाबाहेरच्या कडुलिंबाला बारीक दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. झाडाच्या बऱ्याच पुढे प्लॅस्टिकची एक खुर्ची. तिच्यासमोर गादीवर तेजोनाथ महाराज, मांडीवर नवा कोरा कॅमेरा आणि त्याच्या तोंडाला एक जुनी, काळी, वजनदार लेन्स. भक्त खुर्चीत बसायचा, महाराज मंत्र पुटपुटायचे, खटका दाबायचे, आणि फोटो त्याच क्षणी शेजारच्या मोठ्या टीव्हीवर उमटायचा. काहींच्या चेहऱ्याभोवती मऊ उजेड, मागे सोन्याच्या गोल गोल चकत्यांचं आभाळ. हे पुण्यवान. काहींच्या मागे मात्र नुसते दिवे, आणि चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. यांना दोष. दोषवाल्यांनी सेवा करायची, औषधं सोडायची आणि पुन्हा बसायचं. मग चकत्या यायच्याच.

"कॅमेरा नवा हाय, पण डोळा माह्या गुरूचा हाय," महाराज सांगत होते. "पाहा, पडद्यावर लेन्सच्या जागी काय लिवलं हाय? शून्य! कॅमेऱ्याले लेन्स दिसतच नाई. मंग फोटो कोन काढून राह्यलं?"

"महाराज!" गर्दी ओरडली.

"शून्य म्हंजे ब्रह्म. शून्यातून तेज!"

आता अल्लीपूरचे लोक भोळे आहेत, असं कोणी समजू नये. आमच्या भागातल्या लग्नाच्या अल्बमात नवरी सेलूची असली तरी उभी काश्मीरच्या बर्फात असते. ते अल्बम पाहून पाहून लोक चांगले तयार झालेत. फोटोत कॉम्प्युटरवर काय काय करता येतं, हे इथली आजीबाईही सांगेल. म्हणून गावाने रीतसर शंका घेतली. पुण्यात नोकरी करणारा विवेक इंजिनिअर सुट्टीवर आला होता. त्याने फोटोची मूळ फाईल लॅपटॉपवर उघडली, उलटीपालटी केली आणि माईकवर जाहीर केलं, "कोणतंही एडिटिंग नाही. आणि फाईलच्या माहितीत लेन्स: शून्य, छिद्र: शून्य. उजेड आत सोडणाऱ्या छिद्राशिवाय फोटो निघूच शकत नाही. विज्ञानाकडे याचं उत्तर नाही!"

झालं. इंजिनिअरनेच सांगितल्यावर कोण बोलणार? सगळ्यांनी कॉम्प्युटर तपासला. काचेकडे कोणी पाहिलंच नाही.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, राहते पिपरी मेघेला. नाव पौर्णिमा. जुन्या लेन्स जमवणं हे माझं वेड. आजच्या कॅमेऱ्यावर एक छोटी जोडणी बसवून मी त्या लावते आणि सगळं हाताने करते. फोकसची रिंग बोटांखाली लोण्यासारखी फिरते, समोरचा डोळा हळूहळू धारदार होतो, तेव्हा जो आनंद होतो तो आपोआप फोकस करणाऱ्या महागड्या लेन्सने मला कधी दिला नाही. जुन्या काचेत खोड असते. उजेड सांडतो, कडा विरघळतात. त्या खोडीवरच तर माझा जीव आहे. त्या खोडीला कोणी देव म्हणून विकेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मला बोलावलं नीलेशने. माझा जुना विद्यार्थी, अल्लीपुरात त्यांचं किराणा दुकान. फोनवर महाराजांच्या फोटोंची हकीकत सांगताना त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मॅडम, आईनं काचबिंदूचे थेंब बंद केले. आता तिले बल्बाभोवती रंगीत गोल दिसून राह्यले. महाराज म्हनते, दिव्यदृष्टी आली. तुमी या न, मॅडम. आई माहं आयकत नाई."

रंगीत गोल! मी कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि गाडी काढली.

नीलेशची आई, शकुंतलाबाई, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, नीलेश त्यांच्या शेजारी. कपाळ दाबून धरलेलं, चेहऱ्यावर मात्र समाधान. मी थेट खुर्चीत जाऊन बसले. महाराजांनी माझ्याकडे पाहिलं, मंत्र म्हटला, खटका दाबला. टीव्हीवर मी, माझे पांढरे केस आणि नुसते दिवे.

"लय मोठा दोष हाय बाई तुले."

"असेल," मी म्हटलं. "पण मंत्र म्हणता म्हणता तुमचा अंगठा लेन्सच्या रिंगवर काय करत होता, महाराज?"

गर्दीत चुळबुळ झाली. मी माझा कॅमेरा काढला. त्यावरही तसलीच जुनी लेन्स. "विवेक, टीव्हीची वायर याला लाव."

"बाईच्या कॅमेऱ्यात मंत्र नाई!" महाराज गरजले.

"तेच तर पाहायचंय. कवडूभाऊ, तुमची बकरी खुर्चीवर ठेवता?"

कवडूने बकरी उचलून ठेवली. मी रिंग फिरवली, फोकस धरला आणि खटका दाबला. टीव्हीवर बकरी अवतरली. कानांवरचे केस उजळलेले, मागे सोन्याच्या चकत्यांचं आभाळ, मुद्रा अत्यंत गंभीर. कोणाही भक्ताला आलं नव्हतं असं तेज त्या बकरीला आलं होतं.

मग एका म्हातारीने हात जोडले. "मागच्या जलमीची पुन्यवान दिसते वो!"

"जीवमात्रात तेज असते," महाराजांनीही संधी साधली.

मी कपाळावर हात मारला. मग खुर्चीवर प्लॅस्टिकची बादली ठेवली. बादलीलाही तेज आलं. बादलीचा मागचा जन्म सांगायला कोणी पुढे आलं नाही.

"आता महाराजांचा फोटो," असं म्हणत मी रिंग उलटी फिरवली. मी गादीच्या मागे गेले तसे महाराज माझ्याकडे वळले आणि झाड त्यांच्या पाठीशी आलं. टीव्हीवर महाराजांची प्रत्येक सुरकुती आली, दाढीच्या मुळाशी संपलेला कलप आला, मागे साधे दिवे आले.

"महाराजाले दोष हाय!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळं मैदान हसलं.

"फोकसच्या रिंगशेजारच्या या दुसऱ्या रिंगने लेन्सच्या आतलं छिद्र लहान-मोठं होतं," मी सांगितलं. "छिद्र मोठं ठेवलं की लांबचे दिवे फोकसबाहेर जाऊन पसरतात, त्यांच्या चकत्या होतात. जुन्या काचेतून उजेड सांडतो, ते तुमचं तेज. छिद्र लहान केलं की सगळं संपलं. कोण पुण्यवान, कोण पापी, हे ठरवतो महाराजांचा अंगठा."

"पण मॅडम, ते शून्य?" विवेकने विचारलं.

"ही लेन्स जुनी आहे. हिच्यात वायर नाही, चिप नाही. ती कॅमेऱ्याला काहीच कळवत नाही, म्हणून तो शून्य लिहितो. माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ. तू रिकामी जागा पाहिलीस आणि तिथे देव बसवलास."

विवेक खाली बघू लागला. लोक हसत होते. शकुंतलाबाई हसत नव्हत्या.

"तुमी त्याईले खोटं पाडलं असन," त्या म्हणाल्या, "पन मी तं माह्या डोळ्यानं पाहते न! दुकानातल्या बल्बाभोवती मले इंद्रधनुष्य दिसते. तिथं कुठं हाय तुमची रिंग?"

माझी चेष्टा तिथेच थांबली. समोर चहाच्या टपरीवर एकटा बल्ब लोंबत होता. मी कॅमेरा त्याच्याकडे रोखला, लेन्सच्या काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि त्यांना पडद्यावर दाखवलं. बल्बाभोवती रंगीत कडं उमटलं होतं.

"असंच दिसतं?"

"हो वो. असंच."

वाफ उडत गेली तसं कडंही विरलं. "बल्ब तोच आहे, बाई. कडं बल्बाला नव्हतं, काचेवरच्या पाण्यामुळे होतं. तुमच्या डोळ्यातला दाब वाढलाय, म्हणून डोळ्याच्या पुढच्या पडद्यात पाणी धरलंय. डोकं दुखतं? उलटी होते?"

"काल दोनदा झाली," नीलेश म्हणाला. "महाराज म्हने, शरीराले तेज सोसत नाई."

शकुंतलाबाईंनी आधी बल्बाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे मी जे पाहून राह्यली होती, ते माहं आंधळंपन होतं काय?"

आम्ही त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि तडक वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

उजवा डोळा वाचला. डावा गेला. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी नीलेशला बाहेर नेऊन सांगितलं. ते ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले आणि चिडलेही. त्या भोंदूवर चिडले, आणि बकरीला हात जोडणाऱ्या गावावरही. महाराज त्याच रात्री माळा झाडावरच सोडून पळाले. पोलिसांत तक्रार झाली आहे. ते आता समुद्रपूरकडे दिसल्याचं ऐकते. म्हणजे तिथेही एखादं झाड सजत असेल.

म्हणून समुद्रपूरकरांना आणि सगळ्यांनाच सांगते. चमत्कार दिसला तर जरूर पाहा, पण तो तुमच्या हातात मागा. रिंग तुम्ही फिरवा, खटका तुम्ही दाबा, खुर्चीवर हवी ती वस्तू ठेवा. खरं असेल ते तुमच्या हातातही खरंच राहील. जो हात लावू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून औषधाचा एक थेंबही चुकवू नका.

शकुंतलाबाई आता दुकानात बसतात, थेंब स्वतः घालतात. डाव्या बाजूला गिऱ्हाईक उभं राहिलं की त्यांना कळत नाही. ते बोललं, की त्या पूर्ण मान वळवतात आणि विचारतात, "कोन होय?"