मेपलच्या बाटलीची न वाचलेली चौकट

मित्रांनो, मी मेपल सिरपची बाटली आहे. काचेची, एक लिटरची, आणि सध्या तळाला चार बोटं सिरप उरलेली. जुळे सोलापूरच्या एका घरात फ्रिजच्या दारात मी राहते. माझ्या एका बाजूला लिंबाचं लोणचं आहे, दुसऱ्या बाजूला आलं-लसणाची पेस्ट. शेजार चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांबद्दल. कित्येक महिने तोंडाला झाकण लावून मी ती गिळत आले. आज मात्र बोलणार आहे.

माझा जन्म कॅनडातला. तिकडे मेपल नावाचं झाड असतं. थंडी ओसरू लागली की त्याच्या खोडाला भोक पाडतात, नळी लावतात आणि थेंब थेंब रस गोळा करतात. हा रस पाण्यासारखा पातळ आणि जेमतेम गोडसर असतो. मग तो मोठमोठ्या कढयांत तासन्‌तास आटवतात. चाळीस बादल्या रस आटतो तेव्हा कुठे एक बादली सिरप निघतं. तुमच्याकडे गुऱ्हाळावर उसाच्या रसाचं जे होतं, तेच तिकडे मेपलच्या रसाचं होतं. एवढी साधी गोष्ट आहे. ती पुढे कुणाच्याच डोक्यात शिरली नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मला भरलं, झाकण लावलं आणि माझ्या पाठीवर इंग्रजीत एक चौकट छापली. किती सिरपात किती साखर, ते त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी कुणापासून काही लपवलं नाही. पण पोटावर मेपलचं लालभडक पान होतं ना! ज्याने त्याने तेवढंच पाहिलं.

आम्ही तिघी बहिणी होतो. तिघींना कपड्यांत गुंडाळून, बॅगेत घालून श्रीदेवीनं सोलापूरला आणलं. श्रीदेवी ही या घरची एकुलती लेक, नोकरीमुळे कॅनडात राहणारी. तिचे वडील सिद्रामप्पा. त्यांना साखरेचा आजार आहे, आणि डॉक्टरांनी कॉफीतली साखर बंद करायला सांगितली होती. हे घराणं मूळचं अक्कलकोटकडचं, निम्मं कानडी बोलणारं, आणि चहापेक्षा कॉफीवर जीव असणारं. सिद्रामप्पांच्या पत्नी कमलम्मा रोज पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, पाडतात. साखरेविना ती कॉफी पिताना सिद्रामप्पांचं तोंड असं व्हायचं, की बघवत नसे.

श्रीदेवीनं आम्हांला ओट्यावर मांडलं आणि म्हणाली, "अप्पा, आता कॉफीत साखरंच्या जागी हे घाला. झाडाचा रस हाय, एकदम नॅचरल. मी बी तिकडं हेच घेते."

"गोड हाय की लई," सिद्रामप्पा बोट चाटून म्हणाले. "साखर न्हाई ना ह्यात?"

"न्हाई हो अप्पा! झाडातनं येतंय म्हटलं ना."

मित्रांनो, त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. कारण हे सिद्रामप्पा कोण, ठाऊक आहे? अकलूजकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं केमिस्ट होते. उसाच्या रसात किती साखर, पाकात किती, मळीत किती, हे मोजण्यात त्यांचा जन्म गेला. ऊससुद्धा शेतातनंच येतो आणि तोही नॅचरलच असतो, हे त्यांना मी सांगायचं? पण लेक दोन वर्षांनी घरी आली होती. ती जे म्हणेल ते खरं मानायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शिवाय कॉफी पुन्हा गोड होणार होती. ज्याला एखादी गोष्ट खरी हवी असते, त्याला कोण अडवणार?

त्यांनी चौकट का वाचली नाही, असं तुम्ही विचाराल. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जन्मभर पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा हा माणूस, आता पेपर नुसता मांडीवर घेऊन बसायचा. कमलम्मा वाचून दाखवायच्या, पण त्या निधनाच्या बातम्या आणि दागिन्यांच्या जाहिराती तेवढ्या वाचत, बाकीचं गाळत. सिद्रामप्पा चिडत. "पुढचं वाच की!" म्हणत. "पुढं काय न्हाई," असं सांगून कमलम्मा पेपराची घडी घालत. म्हणून त्यांना डोळ्यांचं ऑपरेशन हवं होतं, आणि तेही लवकर. तारीख एप्रिलची मिळाली होती.

श्रीदेवी परत गेली आणि माझ्या थोरल्या बहिणीचं झाकण उघडलं. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे. चमचेही पोह्यांचे, चांगले खोलगट. एप्रिलमध्ये तपासणी झाली. साखर वाढलेली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, साखर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही."

घरी येऊन कमलम्मांनी गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. भात बंद झाला. मे महिना लागला तसा आंबा बंद झाला, केळी आणि चिकूही गेले. कुणीतरी काहीतरी सांगितलं, तर बिचारी शेंगाचटणीसुद्धा बंद झाली. तिचा काय संबंध? मी फडताळातून सगळं बघत होते. माझी थोरली बहीण ओट्यावर राजरोस उभी होती, आणि तिच्यावर कुणाचा संशयसुद्धा नव्हता. उलट सिद्रामप्पा म्हणाले, "सगळंच तोडलंस. आता तेवढी कॉफी तरी जादा घिऊ दे की. ते तर औषधच हाय." झालं, दोनाच्या तीन कॉफ्या झाल्या.

मे महिन्यातही त्यांना परत पाठवलं. साखर आणखी चढलेली. तोवर थोरली संपून तिच्यात मनी प्लांट लागला होता आणि मधलीचं झाकण उघडलं होतं. जूनमध्ये ती संपली, तिच्यात देवाच्या दिव्याचं तेल आलं, आणि माझी पाळी आली. किती चरफडले म्हणून सांगू! माझ्यात जे होतं ते चमच्या-चमच्याने त्या भल्या माणसाच्या डोळ्यांवर चाललं होतं. माझी चौकट वाचायला त्यांना डोळे हवेत, डोळ्यांसाठी ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशन माझ्यामुळेच अडलेलं. रोज सकाळी ते मला हातात घेत, माझी पाठ त्यांच्या तळव्याला लागे आणि चौकट तळव्याखाली झाकून जाई.

तिसऱ्यांदा दवाखान्यातून परतले त्या दिवशी सिद्रामप्पा चपला न काढताच खुर्चीत बसले. डॉक्टरांनी या खेपेला तारीखच दिली नव्हती. कमलम्मा मात्र भडकल्या होत्या. "चोरून काय खाताय, सांगा एकदा! तुमाला दिसायला नगं हाय का?"

"न्हाई गं खात," ते एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला वाईट वाटलं.

कमलम्मा कॉफी ठेवायला ओट्यापाशी आल्या आणि ओरडल्या, "अय्यो! मुंग्या बघा की किती. ह्या बाटलीला लागल्यात."

सकाळी माझ्या अंगावरून एक ओघळ आला होता आणि कुणी पुसला नव्हता. त्याच्या मागावर खिडकीपासून काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्यांना चौकट वाचावी लागली नाही.

सिद्रामप्पा उठले. चाचपडत ओट्याशी आले. तो ओघळ अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "कमळा, कपाटातली माझी नळी काढ."

ती नळी म्हणजे साखर मोजायचं यंत्र. काचेवर एक थेंब टाकायचा, वर झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. सिद्रामप्पांनी माझा थेंब बरोबर टाकला, हातांना सवय होती. पण डोळ्याला लावून बघितलं तर नुसतं धुकं. त्यांनी नळी बायकोपुढे धरली. एवढ्या वर्षांच्या संसारात कमलम्मांनी ती एकदाही डोळ्याला लावली नव्हती.

"काय बघू ह्यात?"

"वर निळं दिसंल, खाली पांढरं. दोनी मिळतात तितला आकडा सांग."

कमलम्मांनी एक डोळा घट्ट मिटला. "सहासष्ट... थांबा. सदुसष्ट."

"नीट बघ."

"सदुसष्टच हाय हो. किती पाहिजे हुता?"

सिद्रामप्पा खुर्चीवर बसले. "कारखान्यात पाक साखर करायला पॅनमधी जायचा, तवा शेकडा साठावर असायचा," ते म्हणाले. "ह्यो त्येच्याहून दाट हाय. कमळा, ही साखरच हाय."

मित्रांनो, मला टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. हात नाहीत म्हणून राहिलं.

त्या रविवारी श्रीदेवीचा फोन आला. "अप्पा, सिरप संपत आलं असंल की, अजून पाठवू का?" कमलम्मांनी बोलायला तोंड उघडलं, तर सिद्रामप्पांनी फोनवर हात ठेवला. "आता नगं सांगू. ती तिकडं रडत बसंल. डोळं झालं की मीच सांगतो." लेकीला म्हणाले, "हाय अजून, नगं पाठवू." मी फ्रिजच्या दारात गेले, आणि सहा आठवडे त्यांनी कडू कॉफी प्याली, तोंड वाकडं करून, पण प्याली. साखर उतरली आणि ऑगस्टमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली त्या सकाळी पेपर समोर होता. त्यांनी तो बाजूला सारला, फ्रिज उघडला आणि मला बाहेर काढलं. पाठ फिरवली. माझी चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत, सावकाश वाचली. जन्माला आल्यापासून मला कुणी असं वाचलं नव्हतं. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"तुझ्याकडं बी हीच बाटली हाय न्हव? घिऊन ये. पाठ फिरव. चौकट वाच."

पलीकडून फडताळ उघडल्याचा आवाज आला. मग श्रीदेवी म्हणाली, "अप्पा... मी कदी बघितलंच न्हाई. रोज हातात घेते, आन बघितलंच न्हाई. माज्यामुळं तुमचं डोळं..."

"तुजं काय चुकलं न्हाई, बाळ. मला दिसत नव्हतं, पर जीभ तर हुती की. पस्तीस वर्षं सगळ्या जगाची साखर मोजली. तू दिल्यालं म्हणून तेवढं मोजलं न्हाई."

मित्रांनो, मी वाईट नाही. माझ्यात साखर आहे, आणि ती कधीतरी चमचाभरच घ्यायची आहे. पण मला औषध म्हणू नका. जे प्रेमानं आणलंय, जे झाडातून आलंय, त्याचीही पाठ एकदा फिरवून बघा. घरात ज्यांना दिसत नाही, त्यांना वाचून दाखवा, आणि गाळू नका.

आता माझ्या अंगावर कमलम्मांनी एक कागद डकवलाय. त्यावर काजळीसारख्या काळ्या शाईत, मराठीत आणि कानडीत, एकच शब्द लिहिलाय: साखर. लांबूनही वाचता येतो. आणि तो कागद डकवला कुठे, तर नेमका माझ्या चौकटीवर! या घराला काय म्हणावं? पण सिद्रामप्पा रोज सकाळी फ्रिज उघडतात, तो शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचतात, आणि मला तिथेच ठेवून दार लावतात.