खाणीतल्या मोजणीची चौकट

मित्रांनो, सुतारकाकांनी इस्पितळात आपल्या बायकोला, म्हणजे बाईंना, आनंदाने सांगितलं, "तुझा चौकोन लख्ख साफ केलाय," तेव्हा माझं वीस वर्षांचं काम वाया गेल्याचं मला कळलं. मी तिथेच होते. मला तेलपाणी करून बाईंना दाखवायला आणलं होतं.

मी एक जुनी लाकडी चौकट आहे. हातभर लांबीच्या चार पट्ट्या, बस्स. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्यासाठी काकांनी मला उरलेल्या फळीतून बनवलं. "दाराला चौकट असते, गवताला कशाला?" अशी बायकोची थट्टाही केली.

बाई मला दरवर्षी बंद पडलेल्या दगडखाणीत त्याच चार खुंट्यांमध्ये ठेवायच्या आणि आत काय उगवलं ते वहीत लिहायच्या. पहिल्या वर्षी नुसता दगड होता. मग राखाडी दगडफूल आलं, मग शेवाळ. त्यात धूळ अडली, धुळीत गवत रुजलं, ते कुजून माती झाली. मग झुडूप आलं. पाखरांनी बी टाकलं आणि विसाव्या वर्षी एका झाडाचं बोटभर रोप दिसलं. त्या दिवशी बाईंनी माझ्यावरून हात फिरवला.

मग त्या आजारी पडल्या. घरी येतील तेव्हा जागा नीटनेटकी दिसावी म्हणून काकांनी झुडूप तोडलं, रोप उपटलं, माती खरवडली, दगड धुतला. दुकानातलं काम ते असंच संपवतात, भुसा झाडून. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. इतक्या वर्षांत ते माझ्या आत एकदाही वाकून पाहायला आले नव्हते, एवढंच.

बाईंनी मला मांडीवर ओढून घेतलं.

"चुकलं का गं माझं?" काकांनी विचारलं.

"खाली दगड दिसला?"

"दिसला."

"म्हणजे पहिल्या वर्षासारखंच झालं. आता तुम्ही मोजा. आणि अहो, झाडू घरी ठेवून जा."

आठवड्याने त्या गेल्या.

मित्रांनो, एखादी जागा आवरायला घेण्याआधी तिथे वाकून बघा. कोणीतरी तिथे पुढच्यासाठी माती करत असतं.

मी आता दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. शेजारी वही आहे. काकांनी पेन्सिलीला टोक केलं, पानावर तारीखही घातली. त्यानंतर दोन पावसाळे गेले. चौकोनात काय उगवलं, ते अजून कोणी पाहिलेलं नाही.