चौथं चाक

ट्रक बोलतोय. रिमोटवर चालणारा, लाल रंगाचा, हातभर लांबीचा. आधीच सांगून ठेवतो, मला किळस फार लवकर येते. स्वभावच तसा पडला. जपानमधल्या ज्या कारखान्यात मला जोडलं, तिथल्या बायका हातमोजे घालून काम करत. खोक्यात माझ्याभोवती पांढरा पातळ कागद होता. जन्मताच इतकी स्वच्छता पाहिली की पुढचं आयुष्य नाक मुरडण्यातच जाणार होतं. ट्रकला नाक कुठून आलं, असं विचारू नका.

सत्त्याऐंशी साली बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मामानं मला खालापूरला आणलं. भाच्याचं नाव मनोज, वय आठ. खोकं उघडलं तेव्हा तो चिवडा खात होता. हळदीची तेलकट बोटं त्यानं थेट माझ्या टपावर उमटवली. ते डाग मला अजून जाणवतात.

त्यानं मला ओट्यावर पळवलं, गटाराच्या कडेनं पळवलं, झोपलेल्या कुत्र्याच्या पिल्लांच्या अंगावर घातलं. मुलं अशीच असतात म्हणे. पण एका दुपारी त्यानं मला पायाखाली दाबून धरलं आणि रिमोटची दांडी पुढं ढकलून ठेवली. माझी मोटर ओढतेय, चाकं जागची हलत नाहीत. कोण जिंकतं ते त्याला बघायचं होतं. आतल्या गिअरचे दात एकेक करून तुटले. मनोज जिंकला.

मग माळा. ठेवताना सेल काढायचे असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन वर्षांत सेल फुटले. त्यातला चिकट रस माझ्या पोटात पाझरला, वाळला, त्याची हिरवी-पांढरी खपली धरली. झुरळांनी केबिनमध्ये अंडी घातली. उंदरांनी मागचं डावं चाक कुरतडून संपवलं आणि बाकीच्या तिन्हींवर मुतले. अशी सदतीस वर्षं. सांगतानासुद्धा अंगावर शहारा येतो.

गेल्या वर्षी ते घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. माळा रिकामा करायला मनोज स्वतः शिडी चढून वर आला. आता त्याचं कळंबला रिसॉर्ट आहे, हातात जाड अंगठ्या आहेत. त्यानं मला उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझं बालपण आहे हे," तो खाली उभ्या असलेल्या मजुराला म्हणाला.

ज्या पायानं माझे दात पाडले, तोच पाय शिडीवर होता. मला ते पाणी बघवेना.

त्याच्या रिसॉर्टमध्ये शिरल्याबरोबर समोर एक मोठं काचेचं कपाट आहे. त्यात ग्रामोफोन, डायलचे फोन, जुना टाईपरायटर. शनिवारी येणारी माणसं त्याच्यासमोर फोटो काढतात. तिथं माझी जागा ठरली. काउंटरवर बसणाऱ्या हर्षलानं मला टिश्यू पेपरनं धरलं. ती कळंबचीच पोरगी, लग्न झालेली, बोलायला सरळ.

"ईऽ, सर! वास मारतोय हा."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणीतरी खरं बोललं.

"मारू दे. ह्याला एकदम ओरिजिनल करायचा," मनोज म्हणाला. "एकूणएक पार्ट मूळचा. बाहेरचा एक स्क्रूसुद्धा चालायचा नाय."

म्हणून मी कर्जतला रुकय्याबाईंच्या टेबलावर आलो. त्यांचे वडील सुलेमानभाई रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दुकान बाईंनी बंद पडू दिलं नाही. पंखे, मिक्सर, टीव्हीचे रिमोट, जे येईल ते उघडतात. पन्नाशीच्या आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी माझ्या पोटाचं झाकण काढलं आणि तोंड फिरवलं.

"या अल्ला. काय दशा केलीय रं तुजी."

मग त्यांनी ओढणी नाकाला बांधली आणि कामाला लागल्या. झुरळांची अंडी सुईनं एकेक करून काढली. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशनं माझी पोटातली खपली घासली. तीन दिवस. चौथ्या दिवशी पितळी पट्ट्या चमकायला लागल्या. दोन तारा नव्यानं जोडल्यावर मोटर गुरगुरली. पण चाकं फिरेनात, कारण गिअरला दात नव्हते.

मनोज आला तेव्हा बाईंनी तो गिअर तळहातावर ठेवून दाखवला. "मनोजशेठ, ह्ये असलं आता मिळायचं नाय. खोपोलीला लेथवाला हाय आमचा, त्याच्याकडनं पितळेचा करून आणते. जन्मभर धावंल."

"नको. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल. मी बघतो काय ते."

आणि त्यानं बघितलं. आठवड्याभरात तो एक पिशवी घेऊन आला. आतून निघाला तो हुबेहूब मीच. तोच लाल रंग, उन्हानं थोडा विटलेला. चाकंही माझ्यासारखी तीनच.

"कुठं गावला?" बाईंनी विचारलं.

"भंगारात. ह्याचं काढा नि त्याच्यात बसवा. राहिलेलं फेकून दिलंत तरी चालेल."

माझ्या शेजारी त्याला ठेवलं. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

बाईंनी त्याचं पोट उघडलं, गिअर काढला आणि मला बसवला. नवे सेल घातले. खाली फरशीवर सोडून दांडी पुढं केली. आणि तीन चाकांवर, एका बाजूनं घसटत का होईना, मी धावलो हो! दुकानाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, वळून पुन्हा दारापर्यंत. माझं मन इतकं फुललं की टेबलावर पोट फाडलेला तो पडलाय, हे मी साफ विसरलो. आयुष्यात मी पुष्कळ घाण पाहिली, पण त्या आनंदाइतकी किळस मला दुसऱ्या कशाचीच आली नाही.

बाई मात्र खूश दिसेनात. त्यांनी त्या दुसऱ्याला पुन्हा चष्म्याजवळ धरलं. त्याच्या पोटात गंज नव्हता. सोल्डर करून जोडलेल्या तारा एका ओळीत, नीट. ग्रीस ताजं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं: 'ग्रीस केला, दिवाळी', आणि खाली गेल्याच वर्षाचा आकडा.

"भंगारात दिवाळीला ग्रीस कोन करतंय?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी चालत आलं. चाळिशी ओलांडलेली एक ठाकर बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. खांद्याला पिशवी, पिशवीत टेस्टर आणि पक्कड. आत यायच्या आधीच तिची नजर टेबलावर गेली.

"ती माजी गाडी हाय."

तिचं नाव मैना. डोंगराखालच्या ठाकरवाडीत राहते, माथेरानच्या हॉटेलांत वायरिंगची कामं करते, रोज डोंगर चढते-उतरते. तिचा बाप जैतू माथेरानला हातरिक्षा ओढायचा. एका पाहुण्यानं जाताना हा ट्रक त्याच्या हातात दिला होता, 'तुझ्या मुलीला दे' म्हणून. मैना तेव्हा सहा वर्षांची होती.

"पयली वायर मी हिच्यातच जोडली," ती म्हणाली. "बंद पडायची, मी उघडायची. तवा कोन शिकवणार? हिनंच शिकवलं. आता वाडीतली पोरं खेळतात. हात धुतल्याबिगर मी हात लावू देत नाय कुनाला."

हात धुऊन! मी माझ्या शेजाऱ्याकडे पाहिलं. मत्सर कसा असतो ते मला तेव्हा कळलं.

"मग मनोजशेठकडं कशी गेली?" बाईंनी विचारलं.

"मी वर कामाला होते. बाबा एकलाच घरी. त्या मानसानं सांगितलं, फोटू काढतो, दोन दिसांत आनून देतो. बाबानं च्या पाजला त्याला. आज सहा दिस झाले. काल रिसॉर्टवर गेले, तर काउंटरवरची बाई रडायला लागली. तिनंच तुमचा पत्ता दिला."

ती हर्षला. वाडीत असा एक ट्रक आहे, हे तिनंच सहज बोलता बोलता मनोजला सांगितलं होतं.

रुकय्याबाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला. मग त्यांनी मला उलटं केलं, स्क्रू काढले आणि गिअर बाहेर घेतला. मी हललो नाही. खरं सांगतो, दुखलं. पण अंगावरची घाण धुतली गेल्यासारखं वाटलं. मैनाच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो जिथल्या तिथं बसवला आणि ट्रक दोन्ही हातांनी तिच्या पुढ्यात ठेवला.

"माफ कर गं. मला भंगार म्हनून सांगितलं. मी पन विचारलं नाय जास्त. इचारायला पायजे हुतं."

"चाक कुठाय?" मैना म्हणाली. "चार हुती."

"माज्याकडं तीनच आली, देवाशपथ."

बाईंनी तिच्यासमोरच मनोजला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज आला. "तीनच होती. आणि तुम्ही कुणाला विचारून तो परत दिलात? त्या लोकांना काय करायचंय त्याचं? मी दोन नवीन गाड्या घेऊन देतो म्हणावं, चिनी, लाईटवाल्या."

मैनानं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. ट्रक पदरात घेतला आणि पायरी उतरली.

"मनोजशेठ," बाई म्हणाल्या, "तुमचा ट्रक घिऊन जावा. ह्याला आता मी हात लावनार नाय."

तो संध्याकाळी येऊन मला घेऊन गेला. गाडीभर अत्तराचा वास, डोकं उठलं. रिसॉर्टवर पोहोचल्यावर त्यानं आपल्या ऑफिसचा खण उघडला आणि त्यातून चाक काढलं.

चौथं चाक. उन्हानं विटलेलं, स्वच्छ, हात धुऊन हाताळलेलं. त्या दुसऱ्याला दुकानात आणण्याआधीच त्यानं ते माझ्यासाठी काढून ठेवलं होतं. शिट्टी वाजवत त्यानं ते माझ्या मागच्या डाव्या बाजूला बसवलं. सदतीस वर्षं झुरळांत काढली, पण ओकारी आल्यासारखं मला त्याच क्षणी झालं. झुरळं निदान कुणाला बालपण म्हणत नाहीत.

माझ्या पायाशी छापील पाटी लागली: 'सन १९८७. सर्व भाग मूळचे. चालू स्थितीत.' पोटात गिअर नाही. चाक चोरीचं. आणि पाटीसमोर माणसं ओठांचा चंबू करून फोटो काढतात. मनोज पांढरे हातमोजे घालून कपाट उघडतो, माझ्या टपावर हात ठेवून पाहुण्यांना सांगतो, परत बंद करतो. तेच बालपण, तेच डोळ्यांत पाणी. आता त्याला ते हवं तेव्हा आणता येतं.

हर्षला रोज काच पुसायची आणि माझ्याकडे बघायचं टाळायची. एका मंगळवारी, रिसॉर्टवर कुणी नसताना, तिनं कपाट उघडलं. स्वयंपाकघरातून पकड आणली होती. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा नट फिरला.

"जाऊ दे नोकरी गेली तर," ती स्वतःला बजावल्यासारखं म्हणाली. चाक रुमालात बांधलं, ओच्यात खोवलं. चाक गेलं त्या बाजूला, मी कलंडू नये म्हणून, रिसॉर्टच्या माहितीपत्रकाची घडी सरकवली. जाण्याआधी माझा टप रुमालाच्या कोपऱ्यानं पुसला. चिवड्यापासूनच्या इतक्या वर्षांत मला आवडलेला तो एकमेव स्पर्श.

चाक वाडीवर पोहोचलं. हर्षला ते फोनवर कुणाला तरी हळूच सांगत होती. जैतूबाबांनी ते स्वतःच्या हातानं बसवलं आणि तिलाही चहा पाजला.

याला आता चाळीस दिवस झाले. मनोजच्या अजून लक्षात आलेलं नाही. मूळचा स्क्रूही बदलू नये म्हणून जो माणूस हटून बसला होता, त्यानं मला बसवल्यापासून एकदाही नीट पाहिलेलं नाही. हर्षला अजून कामावर आहे.

गेल्या शनिवारी ठाण्याहून आलेल्या एका लहान मुलीनं काचेला नाक लावलं. काचेवर डाग पडला, पण मी तिला माफ केलं.

"अंकल, याला तीनच चाकं आहेत."

मनोज तिच्या वडिलांना माझ्याविषयी सांगत होता. त्यानं मान वळवली नाही.

"चारही मूळची आहेत बाळा," तो म्हणाला.

माझी एवढीच विनंती आहे. कधी कळंबला आलात, तर पाटी वाचत बसू नका. चाकं मोजा, आणि मोठ्यानं मोजा.